पांढरी पेटुनिया
पेटुनियाची कुंडी दिसली की नव्वदच्या दशकातला बारामतीच्या कॉलेजातला सेमिनार आठवतो आणि डोकं तापतं. परदेशात जांभळ्या पेटुनियात रंगाचं जादा जनुक घातलं तर फुलं पांढरी उमलली, जादा जनुकानं मूळचंही गप्प केलं, असं मी, निमगावहून येणारी विद्यार्थिनी, सांगत होते. सर हसले. "निमगावच्या बाई, रंग घातल्यावर रंग उडतो व्हय? बसा खाली." वर्ग खिदळला. "सर, शोधनिबंध न वाचताच बोलताय तुमी," मी म्हणाले. त्यांनी मला बाहेर काढलं. रागानं मी व्हरांड्यात उभी राहिले आणि खिडकीच्या गजांतून ओरडून उरलेला सेमिनार पूर्ण केला. पुढं कळलं, त्या फुलांचा रंग आरएनएच्या छोट्या तुकड्यांनी बंद केला होता; आज त्याच तुकड्यांनी पेशींतली जनुकं बंद करणं माझं रोजचं काम आहे; सरांवरचा राग मात्र गेला नाही, आणि तो जावा असं वाटतही नाही.