मुरुमच्या नाण्यांचा काळा रंग

सोलापूरच्या एका दलालाने मुरुमच्या अप्पांना फसवले, आणि चोरीचा माल हाती आल्यावर आमच्याच खात्याने त्यांना पुन्हा एकदा लुबाडले. इतकी वर्षे लोटली, तरी ते आठवले की माझी कानशिले तापतात.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षे. मी साध्या जवानाचा अमीन, म्हणजे ठाण्याचा प्रमुख, झालो होतो. कुणाच्या शिफारशीने नाही. बाजारात घासाघीस केल्याशिवाय मी पिशवी पुढे करत नसे, आणि ही सवय मला नोकरीत कायद्याच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली.

अप्पा भुसाराचे व्यापारी. कपाळावर विभूती, घरात कानडी, दुकानात मराठी. जुने, हाताने ठोकलेले चांदीचे रुपये जमवण्याचा त्यांना नाद. त्यातले निवडक विकून मुरुमात मुलींच्या शाळेसाठी दोन खोल्या बांधायच्या, असे त्यांनी ठरवले होते. पुण्याचा एक संग्राहक घ्यायला तयारही होता. तेवढ्यात हा दलाल आला. ‘सोलापुरात याहून चढे गिऱ्हाईक आहे’ म्हणून नाणी घेऊन गेला आणि काही दिवसांनी परत आणून दिली. नाणी तितकीच, वजनही तितकेच, पण लखलखीत. म्हणाला, ‘काळी आणि झिजलेली म्हणून गिऱ्हाइकाने नाकारली. मी आपली धुऊन आणली.’

अप्पा ठाण्यात आले तेव्हा आमचे जमादार हसले. “अप्पा, रुपये के बदले रुपया मिल्या, वो बी चमकता. फिर्याद कायकी लिखूं?”

“जमादारसाहेब, तुमची म्हैस नेली, दावणीला दुसरी बांधली अन् वरून तिच्या शिंगांना तेल लावून दिलं, तर चालंल का तुमाला?”

जमादारांनी कागद पुढे ओढला. मी अप्पांना बसवले आणि नीट सांगायला लावले.

“चांदी कापडात निवांत पडून राहिली की रंग धरती,” ते म्हणाले. “कडेला निळा, आत जांभळा, मधी सोनेरी. ते मळ न्हाय अमीनसाहेब, ती नाण्याची कातडी हाय. घासली की गेली. जाणकार त्या रंगाचे पैसे मोजतो.”

“आणि झिजलेली म्हणतो ते?”

“झीज उंचवट्यावर दिसती. माझ्या नाण्यांचे उंचवटे धड हायेत, कुठं एका कडेला ठसा कमी बसलाय. हातोडा तिरका पडला की तसं व्हतं. ती जन्माची खूण, म्हातारपणाची न्हाय.”

“म्हणजे प्रत्येक नाणे वेगळे?”

“सख्खे भाऊ, पण जुळे न्हाईत.”

मला धागा मिळाला. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. तिथे माझा हात पोचत नव्हता. मी तामलवाडीच्या जकात नाक्यावर सांगून ठेवले. तिथूनच खबर आली, की दलाल हैदराबादच्या एका जहागीरदाराला माल दाखवायला निघाला आहे. मी जमादारांना घेऊन गेलो, नाक्यावर त्याला उतरवले आणि पंचांसमक्ष त्याची पिशवी उघडली. आत कापडात गुंडाळलेले काळसर रुपये.

“ही माझी स्वतःची. अप्पांची अप्पांना दिली,” तो म्हणाला.

माझा राग नाकावर असतो, पण त्या दिवशी मी आवाज चढवला नाही. सौदा सुरू केला. “अप्पांच्या नाण्यांत काय वाईट होते?”

“काळी होती, साहेब. काळ्या नाण्याला कोण विचारतो?”

मी त्याच्याच पिशवीतले एक उचलले. “मग हेही काळेच. कडेला झिजलेलेही दिसते. चांदीच्या भावात टाका मला.”

“नाही हो साहेब! हा अस्सल रंग आहे, हात न लागलेला. आणि झिजलेलं कुठं, तो ठसाच तिरका...”

जमादार गोड आवाजात म्हणाले, “बोलो ना मियाँ, रुके कायकू?”

पण पोलिसांपुढे निसटलेले बोलणे कोर्टात टिकत नाही. पुरावा हवा होता. मी अप्पांना विचारले, या नाण्यांची काही खूण आहे का? ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “अय्यो, माझी पोती!”

मुरुमचे व्यापारी बियाण्याच्या पोत्याची गाठ लाखेने बंद करून तिच्यावर आपला शिक्का उठवत. अप्पा शिक्का म्हणून आपला आवडता रुपया दाबत, कारण तसा दुसरा कुणाला मिळणे शक्य नव्हते. तो रुपयाही दलालाने नेलेल्यांत होता, आणि त्याआधी विकलेले असे एक न उघडलेले पोते येरमाळ्याच्या दुकानदाराकडे सापडले. पंचांसमोर दलालाच्या पिशवीतला एक रुपया त्या लाखेवर ठेवला. कमी उठलेल्या कडेसकट तो त्या खळग्यात बसला. अप्पांना परत मिळालेल्या लखलखीत नाण्यांपैकी एकही बसेना. दलाल बदली नाणी कुठून आणली ते सांगू लागला. त्याला शिक्षा झाली.

इथे हकीकत संपायला हवी होती. मुद्देमाल परत करायच्या वेळी एका बड्या अधिकाऱ्याची भेट ठरली. मी दौऱ्यावर असताना जिल्ह्याच्या कचेरीतून तोंडी हुकूम सुटला, की माल झळकला पाहिजे. मी परतलो तर सगळी नाणी चिंच आणि राखेने घासून, हळदकुंकू लावून, लक्ष्मीपूजनाला मांडावीत तशी ताटात मांडलेली! मी ते ताट भिरकावणारच होतो. अप्पांनी माझे मनगट धरले.

“राहू द्या. रंग गेला, ठसा तर हाय? चांदी पुन्हा रंग धरंल. आपण न्हाय, नातवंडं बघतील.”

लाखेशी जुळवलेला रुपया तेवढा कोर्टाच्या मोहोरबंद पाकिटात होता, म्हणून वाचला. पुण्याच्या संग्राहकाने तो पुऱ्या किमतीला घेतला. बाकीचे नुसत्या ठशाच्या जोरावर, पडत्या भावात. दोन खोल्यांची एक झाली. पण ती उभी राहिली. परवा मुरुमला गेलो, तर पाढ्यांचा गलका रस्त्यापर्यंत येत होता, आणि पाढे म्हणवून घेणारी बाई त्याच खोलीत शिकलेली होती.

फिर्यादीला हसण्याआधी त्याची वस्तू त्याच्या डोळ्यांनी बघावी, हे मी त्या प्रकरणात शिकलो. चकाकी म्हणजे स्वच्छता, असे मानणारा पोलीस चोराचे निम्मे काम करून ठेवतो.

दलालाने शिक्षा भोगली. त्याच्यावर माझा राग नाही. पण तो हुकूम कुणाचा? मी लेखी विचारले, उत्तर आले नाही. राजवट गेली, कचेरीवरची पाटी बदलली, म्हणून प्रश्न मिटत नाही. तो माणूस हयात असेल, तर त्याने मुरुमला यावे आणि जागा पुरत नाही म्हणून व्हरांड्यात बसणाऱ्या मुलींना तोंडावर सांगावे, की तुमची दुसरी खोली मी घासून टाकली.