जुन्या फाटकातली डिम्प्ना

बॅलिकोराच्या जहागिरीचं फाटक उघडणं हे हॅनराहनांच्या घरचं काम. आधी सासू करायची, मग डिम्प्ना. मोटारीचा हॉर्न वाजला की ओले हात एप्रनला पुसत ती धावायची. जहागिरीच्या मालकीण लेडीसाहेब गेल्या आणि हवेलीचं हॉटेल झालं, हरणांच्या कुरणाचं गोल्फचं मैदान झालं. हॉटेलच्या कंपनीनं नवा दरवाजा हमरस्त्याच्या बाजूला काढला आणि जुन्या फाटकाला साखळी घातली. शेजारच्या दोन खोल्या डिम्प्ना हयात असेपर्यंत तिच्याच, अशी लेडीसाहेबांची इच्छा होती, म्हणून ती राहिली. नवरा मॅलकी वारला, मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला. दिवसच्या दिवस तिचा आवाज फक्त कोंबड्या ऐकायच्या.

एका गुरुवारी कांद्याच्या वाफ्यात चेंडू येऊन पडला आणि पाठोपाठ भिंतीवर एक लांबट, पिकलं डोकं उगवलं.

"साहेब, तुमचं मैदान तिकडं आहे. इकडं माझे कांदे आहेत."

"मला ठाऊक आहे हो, बाई. चेंडूला कोण सांगणार?"

हा अल्टन गेराटी. जवळच्याच नास गावचा निवृत्त दंतवैद्य, बायको जाऊन थोडेच महिने झालेले. पावसाची भुरभुर सुरू झाली म्हणून तिनं त्याला आत घेतलं, चहा दिला, सोड्याचा पाव कापला. त्यानं लोणी थापून तीन काप खाल्ले आणि जाताना चेंडू टेबलावरच विसरला.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. बायकोचा विषय त्यानं कधी काढला नाही, हिनंही मॅलकीचा काढला नाही. बोलणं पावाचं, थंडीचं, गावातल्या नव्या पाद्र्याच्या लांबलचक प्रवचनांचं.

"तुमच्याकडे येता यावं म्हणून मी वाईट खेळतो, असं गोल्फच्या क्लबात म्हणतात," तो एकदा म्हणाला.

"उगाच माझ्यावर ढकलू नका. तुम्हाला खेळताच येत नाही."

हसता हसता त्याला ठसका लागला.

नोव्हेंबरात तो यायचा थांबला. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. पाव कोंबड्यांना गेला. शेवटी चर्चला जायचा कोट घालून डिम्प्ना बीच नावाच्या उंच झाडांखालच्या जुन्या रस्त्यानं हवेलीकडे चालू लागली. कित्येक वर्षांत ती तिकडं फिरकली नव्हती. तबेल्यांच्या जागी क्लब झाला होता. तिनं अल्टनची चौकशी केली तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या नात्यातल्या?"

"शेजारीण," डिम्प्ना म्हणाली.

त्याला पक्षाघात झाला होता. नासच्या शुश्रूषागृहात होता.

ती बसनं गेली, ताजा पाव कापडात गुंडाळून. पलंगाशी त्याची मुलगी अल्वा बसली होती.

"माफ करा हं, पण बाबांनी तुमचं नाव कधी काढलं नाही."

"मी जुन्या फाटकाजवळ राहते," डिम्प्ना म्हणाली.

तेवढ्यात नर्सनं पुडकं पाहिलं. "अहो, नको! त्यांना गिळता येत नाही."

तिनं पाव परत पिशवीत घातला. अल्टन तिच्याकडे पाहत होता. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. तिला बघवेना.

"काय हे, साहेब," ती म्हणाली, "खेळ जमला नाही म्हणून माणूस इतकं रुसतो होय?"

त्याच्या तोंडाची एकच बाजू हसली. अल्वा खुर्चीतून उठली. "आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच हसले हो!" तिनं डिम्प्नाचा हात धरला, चहा मागवला. आणि मग जरा अवघडून सांगितलं, की सोमवारी बाबांना ती आपल्या घराजवळ, कॉर्कला हलवतेय.

"बरंच झालं," डिम्प्ना म्हणाली. "माणसानं आपल्या माणसांत असावं."

अल्वानं नाताळात एकदा फोन केला. मार्चमध्ये सकाळच्या रेडिओवर मयतांची नावं वाचत होते, त्यांत त्याचं आलं: अल्टन गेराटी, पूर्वी राहणार नास. दफन आज अकराला, कॉर्कला. घड्याळात दहा वाजून गेले होते; इतक्या लांब वेळेत पोचणं शक्य नव्हतं.

तिनं रेडिओ बंद केला. जेवावंसं वाटलं नाही. सेंट पॅट्रिकच्या सणापर्यंत बटाटे लावायची रीत; सण तोंडावर आला होता आणि बटाटे लावायचे राहिले होते. दुपारी ऊन पडलं तेव्हा ती कुदळ घेऊन बाहेर गेली आणि भिंतीलगतची जमीन खणायला लागली.