सिनरीतले दोघे भाऊ

तुमच्या बाबाचं नाक वाकडं का, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत आणि तो कॅमेऱ्यासमोरून उठून गेला. म्हणून मीच, तुमची आजी, लिहिते.

इथे दुबईला तुमच्या काकाच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर एक चित्र आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपियन चित्रकाराच्या रेखाटनाची प्रत. "हॉलला सिनरी हवीच," म्हणून आजोबांनी आणली. काळे डोंगर, फाटलेलं आभाळ, वाऱ्याने पिळवटलेली झाडं, आणि खाली कोपऱ्यात नखाएवढी दोन माणसं. मिशनरी शाळेत बायबल शिकल्यामुळे मी ती लगेच ओळखली. केन आणि एबल, जगातले पहिले भाऊ. धाकटा खाली पडलाय, थोरल्याने त्याला ठार मारायला सोटा उगारलाय. मी सांगितलं, तर आजोबा म्हणाले, "एवढीशी तर आहेत. कोणाला दिसतायत?"

आजोबा गेल्यावर तुमचा बाबा मला कॅनडाला न्यायला आला. जेवताना विषय निघाला. काका म्हणाला, "आई माझ्या व्हिसावर आहे."

"व्हिसावर आहे. मालकीची नाही."

"बाबा आयसीयूत होते तेव्हा कुठे होतास रे? सगळं खलास झाल्यावर उगवलास, हबीबी!"

तुमच्या बाबाने ताट त्याच्या अंगावर फेकलं. काकाने त्याची मान धरून तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. वरणभातावर रक्त सांडलं. तो जमिनीवर कोसळला तरी काका थांबेना. देवापुढची पितळी समई उलटी धरून त्याने भावाच्या डोक्यावर उगारली.

त्या चित्रात आई कुठेच नाही. एवढे डोंगर काढले, तिला जागा ठेवली नाही. इथे मी होते. मी तुमच्या बाबावर आडवी पडले. समई माझ्या हातावर बसली आणि कोपराखालचं हाड तुटलं.

इमर्जन्सीत तुमचा बाबा नाकात कापूस कोंबून माझ्या शेजारी बसला होता.

"तो कुठाय?"

"खाली, गाडीत. वर यायला घाबरतोय."

"जा, घेऊन ये."

"मी? आई, त्याने मला मारून टाकलं असतं!"

"टाकलं नाही ना? जा."

बऱ्याच वेळाने दोघे लिफ्टमधून आले. तुमच्या बाबाने त्याची बाही घट्ट धरली होती, पोलिसाने धरावी तशी. दोघांना समोर बसवून मी सांगितलं, कुठे राहायचं ते मी ठरवीन.

मी इथेच राहिले. तुमच्या बाबाजवळ तुम्ही आहात. ज्याचा हात उठला, त्याला एकटं सोडायची मला भीती वाटली.