गारगोटी, चुना आणि ठाण्याची बादली

रामटेककडे जाणारा तो उखडलेला रस्ता मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार, घराण्यातला पहिला पदवीधर. आपल्या हातून चूक होईल, ही धास्ती सदैव मनात असे.

पावसाळा संपेपर्यंत नव्या रस्त्याची खडी मोकळी झाली. डांबर-मिस्त्रीने डांबर कमी टाकून बाकीचे विकले, अशी फिर्याद ठेकेदाराने दिली. डांबराची पिंपे जवळच्या मजूरवस्तीत गेल्याची खबर खबऱ्यानेही आणली. मिस्त्रीला अटक केली. दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात हजर करायचे होते. चोरीचा शिक्का बसला, की त्याला कोणत्याही कामावर कोणी उभे करणार नव्हते.

वस्तीत जाऊन पाहिले. मजुरांनी रिकामी पिंपे चिरून झोपड्यांवर पत्रे टाकले होते. तरी मी ठाण्यात येऊन मिस्त्रीला पुन्हा कालचाच प्रश्न विचारला, "डांबर कुठे विकलंस?"

"डांबर पुरं टाकलं, साहेब. दगड पांढरा होता. पाणी लागलं का गारगोटी डांबर सोडते."

"मग ठेकेदाराला का नाही सांगितलं?"

"सांगतलं ना. काळा दगड आणा, नाही तर चुन्याची फक्की तरी मिसळा म्हटलं. तर म्हणे, रस्ता बांधून राहिला का पान लावून राहिला?"

हवालदार हसला. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, "एक बादली द्या मले."

कामावरचे डांबर मागवले. ठाण्यामागच्या चुलीवर त्याने ते तापवले आणि तीन खडे माखले: काळा दगड, गारगोटी, आणि चुना मिसळलेल्या डांबरात घोळलेली गारगोटी. निवल्यावर तिन्ही पाण्यात टाकले.

सकाळी पंचांसमोर बादली पाहिली. काळा दगड काळाच होता. साधी गारगोटी जागोजाग पांढरी पडली होती. चुन्याच्या गारगोटीचे डांबर मात्र नखाने खरवडूनही निघेना. मी पंचनामा लिहिला आणि चोरीचा पुरावा नाही, असे कोर्टात स्वतः सांगितले. मिस्त्री सुटला.

संध्याकाळी तो पुन्हा ठाण्यात आला, हातात रॉकेलची बाटली. मी बिचकलो. तो बादलीजवळ बसला.

"घासून देतो, साहेब. डांबर हाय, तुमच्यानं नाही निघणार."

मी कायदा शिकलो होतो. पण डांबर कुठे गेले एवढेच त्याला विचारत राहिलो; रस्ता का उखडला, हे विचारले नाही. त्यानंतर कुणाच्या हातच्या कामाबद्दल तक्रार आली, की मी आधी त्या माणसाला त्याचे काम समजावून सांगायला लावत असे.