दादाच्या ओठांवर अडकलेली हॉकीची धून

मंडळी, तुमच्यापैकी कोणी ऐंशीच्या दशकात टीव्हीवर हॉकी पाहिली असेल, तर मला मदत हवी आहे.

आज दुपारी वडनेरला मोठ्या भावाकडे गेलो होतो. लकवा मारल्यापासून दादाला बोलता येत नाही. पण गुणगुणता येतं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, किती दिवस झाले, हेच गुणगुणून राह्यले. अर्ध्यावर अडकतेत अन् रडतेत. काय आहे हे?"

मी लगेच ओळखलं. गावात पहिला टीव्ही आला तेव्हा हॉकीचा सामना सुरू होण्याआधी ही धून वाजायची. दादा स्वतः हॉकी खेळायचा. धून लागली की तो सगळ्यांना गप्प बसवायचा.

पण मलाही अर्धीच आठवली. मोबाइलवर जुने सामने शोधले. खेळ सापडला, समालोचन सापडलं, सुरुवातीचं संगीत मात्र सगळ्यांनीच कापून टाकलेलं. मिळतील त्या धुनी मी त्याला ऐकवत गेलो. "दादा, हे होय का?" दर वेळी त्यानं नाही म्हणून मान हलवली.

शेवटी त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनी हळूच म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी. आता नका विचारू त्यायले."

आमच्यासोबत सामने पाहणारं आता कोणी उरलेलं नाही. आठवते तेवढी धून माझ्या आवाजात खाली टाकली आहे. पुढचं कोणाला येतं का?

मी निघालो तेव्हा दादा जागाच होता. पण त्यानं गुणगुणणंही सोडून दिलं होतं.