तक्त्यात न बसलेला फॉर्म

आमच्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या सरांनी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आजवर कुणी विचारले नसतील, पोलिसांनीसुद्धा नाहीत. कॉलेजातली पोरं सोशल नेटवर्किंगच्या साइटी का वापरतात, यावर त्यांची पीएच.डी. चालली होती. खांद्याला फॉर्मची पिशवी, खिशात चार रंगांच्या पेन्सिली, आणि स्कूटर अशी, की सर भवानीनगरला पोचायच्या आधी तिचा आवाज पोचायचा. जेवायला माझ्याच खानावळीत. पोरं त्यांना बघून ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायची, तर हे आमटीची वाटी सांभाळत मागोमाग. माझ्या भाचीचा नवरदेव शेवटच्या वर्षाला होता, म्हणून त्याला भर हळदीत पाटावर बसल्या बसल्या फॉर्म भरायला लावला. त्यावर पिवळा अंगठा उमटला, तरी सरांनी तो मोजला.

एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, तुमी सोता हाय का त्याच्यावर?"

"मी अभ्यासक आहे. दारूचा अभ्यास करणाऱ्यानं प्यायची नसते."

"मग चव कशी कळायची वो?" सगळी खानावळ हसली. सरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

फॉर्ममध्ये पाच कारणं छापलेली: मैत्री, माहिती, करमणूक, अभ्यास, वेळ घालवणं. सहावं 'इतर'. कुणी पाचही सोडून 'इतर'वर खूण केली की तो फॉर्म बाद, खाली काही लिहिलेलं असलं तरी. "मावशी, हे तक्त्यात बसत नाही," म्हणायचे आणि बाद गठ्ठा मला आणून द्यायचे, भजी निथळायला. मी शाळेत गेले नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले. त्यामुळं हातात कागद आला की आधी वाचते, मग वापरते. पण एक दिवस गर्दी होती. भजी आधी टाकली, वाचलं मागून.

मुलगी. वय एकोणीस. राहणार वसतिगृहात. आणि खाली बारीक अक्षरात: 'नावापुढं हिरवा ठिपका असला की मी आहे असं दिसतं. एक दिवस तो बंद करणार आहे. कुणी विचारतंय का बघायचंय.'

फॉर्मवर नाव घालायचं नाही, हा सरांचाच नियम. कॉलेज ओळखू यावं म्हणून ते कोपऱ्यात रंगीत रेघ मारायचे. नेमका तोच कोपरा माझ्या तेलानं आणि हळदीनं माखला होता. मी दाखवला तसा सर कागद उजेडाला धरून उभे राहिले.

"हा गठ्ठा मी कधी दिला होता, मावशी?"

"दिवाळीच्या आधी."

संक्रांत होऊन गेली होती.

आठ दिवस त्यांनी एक कॉलेज सोडलं नाही. वर्गात उभं राहून हात जोडायचे, "कुणी लिहिलं ते सांगू नका. फक्त बरी आहे, एवढं कळवा." तीन पोरी मागाहून भेटल्या. तिघींचं बोलणं एकच, "म्या न्हाय लिवलं सर. पर मला बी तसंच वाटतं." एका वसतिगृहात खिडकीजवळची कॉट रिकामी होती. पोरी म्हणाल्या, "ती गेली, सर. महिना झाला." कशी गेली, ते कुणी सांगेना. अक्षर ताडून बघावं म्हणून सर तिच्या घरी गेले, तर बापानं वह्या तिच्याबरोबरच सरणावर ठेवल्या होत्या.

त्या दिवशी जेवताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मीच विचारलं, "तीच व्हती का वो?"

"माहीत नाही, मावशी. आता कळायचंही नाही."

प्रबंध तसाच राहिला. माझ्याकडचे उरलेसुरले बाद फॉर्म ते तेलकट होते तसे छातीशी धरून घेऊन गेले. पुढं बदली झाली. जाताना स्वतः त्या साइटीवर नाव घातलं, मलाही घालून दिलं. आता रोज सकाळी त्यांच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसतो, आणि कुठल्या कुठल्या पोरापोरींना त्यांचं विचारणं चालू असतं: बरा आहेस ना, जेवलीस का.

गेल्या आठवड्यात दोन दिवस ठिपका दिसला नाही. भजी सोडता सोडता मी फोन लावला, "का वो सर, कुठं गेलता?"

"फोन पाण्यात पडला होता, मावशी." मग "तुम्ही विचारलंत," एवढंच म्हणाले.

कढईतली भजी करपत आली होती. मी ती जाळीवर काढली. कागद आता मी भज्यांखाली घालत नाही.