विठ्ठलभाऊंची भरती-ओहोटी

दर रविवारी आम्ही तिघं नागभीडजवळच्या एका तलावावर जमतो. मासे कधी मिळतात, कधी नाही. किस्से मात्र हमखास मिळतात. मासे त्याच दिवशी रस्सा होऊन संपतात, किस्से साचत जातात. आणि अलीकडे तर आमचे किस्से चक्क खारे झालेत, कारण आमच्या विठ्ठलभाऊंनी मुलगी कोकणात दिली!

तिघांपैकी मी चंद्रपूरला बँकेत. संजयचं गडचांदूरला मोबाइलचं दुकान. आम्ही दोघं हौशी. विठ्ठलभाऊ मात्र खरे मासेमार. घरात पिढ्यान्‌पिढ्या तलावाची मासेमारी. जाळं फेकलं की रिकामं यायचं नाही, अशी ख्याती.

त्यांचे व्याही दत्तारामभाऊ रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या तोंडावर राहतात. तेही मासेमार. लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तलावातले मासे म्हणजे गोठ्यातल्या गाई हो! समुद्रातला एक तरी धरून दाखवा."

विठ्ठलभाऊंच्या हातातला घास हातातच राहिला. "इवाई, तुमच्याच समुद्रातला मासा काढीन आन माह्या पोरीले तुमच्याच घरी खाऊ घालीन!"

लोक हसले आणि विसरले. विसरली नाही ती भाऊंची मुलगी शीतल. महिन्याभरात तिचा फोन आला. "बाबा, एक तरी धराच जी. इथी रोज जेवताना मामाजी मस्करी करतेत." मामाजी म्हणजे तिचे सासरे, दत्तारामभाऊ.

झालं. तिथून आमचा सगळा गोंधळ सुरू झाला.

*

पहिल्या वेळी भाऊ एकटेच गेले. कधी? तर ऐन आषाढात. आमच्याकडे त्या दिवसांत मासा पाण्याच्या उलट चढत नाल्यात येतो, नाल्यातून शेतात येतो. भाऊंचा हिशोब सरळ होता, आपल्याकडे एवढे तर समुद्रात किती!

दोन गाड्या आणि एक एसटी बदलून पोचले. बघतात तर सगळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या, वर झावळ्या शाकारलेल्या. दत्तारामभाऊ ओट्यावर बसून जाळं शिवत होते.

"आता बंदी आहे, व्याही. दर्या खवळलेला. नारळी पौर्णिमेनंतर या."

"बंदी? ऐन सीझनमदी?"

"हाच तर सीझन नाही!"

भाऊ परत आले ते सुक्या बोंबलाची पिशवी घेऊन. आम्ही विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही समजलं नाई बापा. आपल्याकडं जवा मासा चालत घरी येते, तवा त्यायच्याकडं माणूस घरी बसते."

*

दुसऱ्या वेळी दिवाळीनंतर आम्हा दोघांना बरोबर घेतलं. रात्री उशिरा पोचलो तेव्हा पाणी घरामागच्या माडांपर्यंत आलेलं. भाऊ खूश! काठावरची छान जागा हेरली, खूण म्हणून काठी रोवली, आणि आम्ही झोपलो.

सकाळी उठून बघतो तर काठी आहे, पाणी नाही. लांबवर नुसता चिखल, त्यात खेकडे पळताहेत.

भाऊंनी कपाळावर हात मारला. "काऊन बे, गेट कोणी उघडलं?"

आमच्याकडे तलावाचं पाणी असं एकदम उतरलं, तर त्याचा एकच अर्थ असतो, कोणीतरी गेट उघडून धानाला, म्हणजे भातशेतीला, पाणी सोडलं. भाऊ तरातरा शेजारच्या घरी गेले. तिथली बाई अंगण झाडत होती.

"बाई, रातच्याला पाणी कोणाच्या धानाले सोडलं?"

ती बाई झाडू टाकून घरात गेली. नंतर तिनं शीतलला विचारलं म्हणे, "तुझ्या बाबांना बरं आहे ना?"

*

मग संजयनं सूत्रं हातात घेतली. "टेन्शन नका घेऊ भाऊ, ॲपवर सगळं हाय. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता." तिकडे नेटवर्क मिळेल न मिळेल म्हणून त्यानं गडचांदूरला दुकानातच बसून आठवड्याच्या वेळांचे स्क्रीनशॉट काढून आणले होते.

ॲपनं भरती सांगितली की आम्ही जाळं घेऊन हजर, आणि समोर चिखल. ॲपनं ओहोटी सांगितली की गुडघाभर पाणी. दोन दिवस आम्ही समुद्रावर संशय घेतला. शेवटी शीतलच्या नवऱ्यानं तो स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला आणि हसत सुटला. वेळा आंध्रच्या किनाऱ्याच्या होत्या!

ॲपनं बिचाऱ्यानं गडचांदूरहून जवळचा समुद्र शोधला होता. आता नकाशात बघा, आपल्याला जवळचा समुद्र पूर्वेचाच आहे.

"त्यात फोनची काय चूक?" संजय आजही म्हणतो. "लग्नच लांबच्या समुद्रावर लावलं भाऊनं!"

*

ॲप गेलं, मग भाऊ घड्याळावर आले. एका दुपारी दोनला पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दोनला आम्ही हजर. पाणी नाही! भाऊ नागभीड जंक्शनजवळचे, लेट गाड्यांची सवय असलेले. त्यांनी शांतपणे बिडी काढली. "लेट असंन."

आलं पाऊण तासानं. तिसऱ्या दिवशी आम्ही पाऊण तास उशिरा गेलो, तर पाणी आणखी पाऊण तास लेट.

भाऊ भडकले. "पॅसेंजर लेट येते, पण कधी कधी टायमावर बी येते! हे तर रोज मोजून लेट होऊन राह्यलं!"

मागून दत्तारामभाऊ म्हणाले, "अहो, तोच टाइम आहे त्याचा."

भाऊंनी खूप विचार केला. मग मला हळूच विचारलं, "म्हंजे लेट हेच बरोबर हाय काय?"

*

होडीचा किस्सा संजयचा. भरतीच्या वेळी दत्तारामभाऊंनी त्याला होडी धक्क्याला बांधायला सांगितली. संजयनं तलावावर बांधतो तशी बांधली, दोर आखूड, गाठ पक्की. आणि आम्ही जेवायला गेलो.

जेवून, झोप काढून आलो तर पाणी खाली गेलेलं आणि होडी दोराला नाकानं लटकलेली! आतलं सगळं सामान चिखलात.

दत्तारामभाऊंनी होडी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग फक्त एवढंच म्हणाले, "वाळत घातलीत का?"

त्या खेपेलाही आम्ही रिकाम्या हातानं परतलो. एसटीत विठ्ठलभाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. आम्ही दोघांनी एकही जोक मारला नाही.

*

देव मात्र सगळीकडे असतो. त्याच हिवाळ्यात दत्तारामभाऊ आमच्याकडे पाहुणे आले. तलाव काठोकाठ भरलेला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, बोटांवर तिथी मोजली आणि काठावर बसून राहिले. सकाळची दुपार झाली. त्यांनी गळही टाकला नाही.

शेवटी जवळच म्हशी धूत असलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "काय हो, इथे ओहोटी कधी लागते?"

म्हातारा म्हणाला, "मार्च-एप्रिलमदी."

"आणि भरती?"

"पाणी पडलं तं!"

*

आता शेवटचा. यावेळी शीतल पोटुशी होती. तिच्या आईनं फोनवर विचारलं, काय खावंसं वाटते? तर म्हणाली, "बाबाच्या जाळ्यातला मासा. बाकी काही नोको." हे ऐकून विठ्ठलभाऊंनी दोन दिवस बसून जाळ्याची भोकं शिवली. मग म्हणाले, "चला."

तीन दिवस जाळं रिकामं. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीचं आमचं रिझर्वेशन. त्या दिवशी अवस, म्हणजे अमावस्या होती, मोठ्या भरतीचं उधाण. भाऊ सकाळी पाणी उतरलेलं असताना फावडं घेऊन खाडीतून घरामागच्या माडांपर्यंत येणाऱ्या नाल्यात उतरले आणि चिखलाचा बांध घालायला लागले. धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, घालतात तस्साच, मध्ये हातभर तोंड सोडून. आम्हाला वाटलं, गेलं डोकं!

दुपारी उधाण आलं. पाणी तोंडातून आत शिरलं, बांधावरून वाहिलं, माडांच्या मुळाशी डबकं भरलं. पाणी थबकलं तसं भाऊंनी त्या तोंडावर आपलं जाळं आडवं लावलं, खुंट्या ठोकल्या आणि समुद्राकडे पाठ करून बसले.

"आता त्याले जवा जायचं तवा जाऊ दे," म्हणाले.

पाणी गेलं. बांधाच्या आत खळबळ उडाली. सहा-सात बोय मासे, तळहातापेक्षा लांब, चांदीसारखे उड्या मारत होते! भाऊ चिखलात बसून हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मलाही राहवलं नाही.

दत्तारामभाऊ धावत आले. पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "हे चालायचं नाही! तुम्ही समुद्राचा तलाव केलात. हा तलावातला मासा झाला!"

"पाणी कोणाचं? समुद्राचं! मंग मासा कोणाचा?"

"बांध कोणाचा?"

दोघांचं भांडण अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून स्वयंपाकघरात आलं. संजय एकदा याचं बरोबर म्हणे, एकदा त्याचं. तोवर शीतलनं मासे तळूनही टाकले होते. ती पाटावर बसली, पहिला घास घेतला आणि थांबली. आम्ही सगळे पुढे वाकलो.

तिचे डोळे भरून आले. "बाबा, हा तं एकदम आपल्या तलावातल्यासारखा लागते जी!"

"बघा! बघा!" दत्तारामभाऊ ओरडले. "तुमचीच पोरगी सांगते, तलावाचा!"

विठ्ठलभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दुसरा मासा उचलला, काटे काढले आणि तिच्या ताटात ठेवला.